पाण्यावर चालणारं पाखरू

आधी एक काम करा. स्वयंपाकघरातून कोंबडीचं एक अंडं आणा आणि तळहातावर ठेवा. (आईला विचारून हं! घरात अंडी आणत नसतील, तर मध्यम आकाराचं लिंबूही चालेल.) किती वजन लागतंय? पन्नास-पंचावन्न ग्रॅम असेल, नाही का?

आता अशी कल्पना करा, की याच्याहूनही हलका, चाळीसएक ग्रॅमचा एक जीव आहे. तो जन्मला पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर किंवा त्याच्या भोवतालच्या गारठलेल्या बेटांवर, एका दगडाच्या फटीत. पंख फुटले तसा तो समुद्रावर निघाला आणि उडत उडत थेट आपल्या कोकणच्या समुद्रात पोचला. वाटेत ना स्टेशन, ना धर्मशाळा. भूक लागली की लाटांवरच जेवायचं, दमलं की लाटांवरच टेकायचं.

किती लांब आला म्हणता? तुमचा नकाशा काढा. मालवण साधारण सोळा अंश उत्तरेला आहे. हिंदी महासागराच्या दक्षिणेला कर्गेलेन नावाची बेटं आहेत, ती एकोणपन्नास अंश दक्षिणेला. अंटार्क्टिकाचा किनारा त्याच्याही खाली, सहासष्टाच्या आसपास. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. करा गुणाकार! सात ते नऊ हजार किलोमीटर येतात की नाही? आणि हे सरळ रेषेत बरं का. पाखरू काही पट्टी घेऊन उडत नाही.

या पाहुण्याचा एक फोटो काढायला मी गेल्या वर्षी एक दिवस समुद्रात जाऊन आले. पण फोटोची गोष्ट फोटोपासून सुरू होत नाही. ती सुरू होते माझ्या एका चुकीपासून. ती आधी सांगते.

माझी भाची मालवणजवळ राहते. आठवीत आहे. जुलै महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. तिकडे दोन दिवस धो धो पाऊस, वादळी वारा आणि लाइट नाही. लाइट आली, मोबाइल चार्ज झाला आणि हिनं पहिला फोन मला केला.

“मावशी, मला परवा किनाऱ्यावर एक पक्षी सापडला. काळपट तपकिरी, शेपटीच्या वर पांढरा पट्टा. जिवंत होता, पण उभंच राहता येत नव्हतं त्याला. मी खोक्यात ठेवला. सकाळी बघते तर गेलेला.”

मी गेली वीस वर्षं पक्षी बघते. त्यामुळे उत्तर अगदी तोंडावर होतं. “अगं, पाकोळी ती! काळी, कमरेवर पांढरी. पाकोळीला जमिनीवर उभं राहता येत नाहीच. पावसानं खाली पडली असेल.”

“पण मावशी, पायाला पडदे होते. बदकासारखे. आणि पडदे पिवळे होते.”

“ओल्या पायाला काहीतरी चिकटलं असेल गं,” मी म्हटलं. “खोकं कुठंय?”

“माडाखाली ठेवलं होतं. रात्री कुत्र्यानं नेलं.”

झालं! पक्षी गेला, फोटो नाही. मीही विषय तिथंच संपवला. ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. ते “बरं” कसं होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. मोठी माणसं आपलं पुरतं ऐकून घेत नाहीत, तेव्हा तुम्हीही अगदी तस्संच “बरं” म्हणत असाल.

आठवड्यानं टपालानं एक पाकीट आलं. आत तिच्या वहीचं पान. मेणबत्तीच्या उजेडात काढलेलं पेन्सिलचं चित्र, आणि बाजूला नेटक्या अक्षरात लिहिलेलं: चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी साडेसतरा सेंटिमीटर. शेपटीचं टोक सरळ, दुभंगलेलं नाही. चोच काळी, पुढं आकडीसारखी वाकलेली, चोचीवर नाकाची एक छोटी नळी. पाय काळे, लांब, काड्यांसारखे. पाय मागं ताणले तर शेपटीच्या बाहेर येतात. पुढं तीन बोटं, बोटांमध्ये पडदे, पडद्यांचा रंग पिवळा. (पिवळा खडू वापरला होता.) आणि खाली एक ओळ: “वजन करता आलं नाही, आई काट्याला हात लावू देईना.”

ते पान वाचताना माझे कान गरम झाले. पाकोळीचे पाय इवलेसे असतात, पंखांत लपून जातात. तिला पडदे नसतात आणि चोचीवर नळी तर नसतेच नसते. चोचीवर नळी असणारे पक्षी म्हणजे भर समुद्रातले पक्षी. त्यांना खारं पाणी प्यावं लागतं, मग अंगात साठलेलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी गाळून काढतात आणि ते नाकावाटे ठिबकतं. मी कपाटातलं पुस्तक काढलं आणि पिवळे पडदे शोधले. पानावर नाव होतं, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. आपण मराठीत त्याला विल्सनचं वादळपाखरू म्हणू या. अलेक्झांडर विल्सन हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत जाऊन पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस. त्याच्या स्मरणार्थ हे नाव पडलं.

मी लगेच फोन लावला. “चुकले मी. तू बरोबर होतीस बहुतेक.”

“बहुतेक का?” पलीकडून प्रश्न आला.

बघा, कशी असतात पोरं! पण प्रश्न रास्त होता. मी आजवर ते पाखरू जिवंत कधी पाहिलंच नव्हतं. चित्रावरून चित्र ओळखत होते. म्हणून मी कबूल केलं, की पाऊस ओसरला की मी समुद्रात जाईन आणि त्याच्या पायांचा फोटो आणीन. तिनं लगेच बजावलं, “फक्त पाखराचा नको. पडद्यांचा. पिवळे दिसायला हवेत.”

आता तुम्ही विचाराल, त्यासाठी समुद्रात कशाला जायचं? किनाऱ्यावर दुर्बीण लावून बसलं तर? नाही दिसत. गंमत अशी आहे, की हे पाखरू जगात मुळीच दुर्मिळ नाही. जगातल्या सर्वांत जास्त संख्येच्या समुद्रपक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. कोट्यवधी आहेत! पण ती जमिनीकडे फिरकत नाहीत. जमिनीवर येतात ती फक्त अंडं घालायला, तेही तिकडे दक्षिणेला आणि तेही रात्रीच्या अंधारात, म्हणजे स्कुआसारख्या दांडग्या पक्ष्यांच्या तावडीत सापडायला नको. जोडीचं एकच अंडं. बाकी सारं आयुष्य पाण्यावर. तिकडे हिवाळा सुरू झाला, की ती उत्तरेकडे निघतात. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा ती अरबी समुद्रात असतात आणि पावसाळा सरता सरता परत फिरतात. म्हणजे ती आपल्या दारात येतात, पण आपणच दार उघडून बाहेर जात नाही. किनाऱ्यावर दिसतं ते फक्त वादळानं दमून फेकलं गेलेलं. भाचीला सापडलं तसं.

पावसाळ्यात समुद्रात जाता येत नाही, हे कोकणातल्या मुलांना ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांची वीण याच काळात होते आणि समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि मगच होड्या पाण्यात ढकलायच्या, ही कोळ्यांची जुनी रीत. मी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरला.

कोल्हापूरहून एसटीनं फोंडा घाट उतरून मालवणला गेले. भाचीच्या वडिलांच्या ओळखीचे एक तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. तो सांगेल ती पूर्व! मी माझं काम सांगितलं. चित्र दाखवलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं आणि म्हणाले, “हां, ह्या पाखरू! पाण्यार चलता ता. आमी बघतो की.”

“तुम्ही पाहिलंय?”

“लय वेळा. पण तेचो फोटो कित्याक होयो तुमका? ता काय खावचा पाखरू न्हय.”

वीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते यांना ‘लय वेळा’ दिसलेलं! पुस्तकं लिहिणारे वेगळे आणि दर्यावर रोज जाणारे वेगळे. दोघांची गाठ क्वचित पडते, म्हणून कितीतरी गोष्टी पुस्तकात यायच्या राहतात.

डिझेलचा खर्च मी द्यायचा ठरलं. तांडेलकाकांच्या अटी दोन. एक, लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही. दुसरी, “अकरा वाजता परत फिराचा. वारो फिरलो तर त्याच्याही आधी. मगे माझा आयकूचा लागतला.” मी मान डोलावली. भाचीनं “मी पण येणार” म्हणून पाहिलं. तिच्या आईनं नुसतं बघितलं, आणि तो विषय संपला. मग भाचीनं तिच्या वहीच्या त्या पानाची नक्कल करून माझ्या खिशात घातली. “जुळवून बघ. न बघता हो म्हणू नकोस.”

पहाटे चारला निघालो. तांडेलकाका, तीन खलाशी आणि मी. मालवणच्या बंदरात पाण्याखाली आणि पाण्याबाहेर खडकच खडक आहेत. अंधारात त्यांच्यामधून वाट काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. डावीकडे सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी काळ्या रेघेसारखी दिसत होती. शिवाजी महाराजांनी १६६४ साली हा किल्ला बांधायला घेतला, तो जागा नीट पारखूनच. परक्या जहाजाला इथं शिरणं किती अवघड असेल, ते त्या पहाटे मला होडीत बसून कळलं. पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.

खडक मागं पडले आणि होडी मोकळ्या समुद्रात आली. मग काय विचारता! वर, खाली, तिरपी, पुन्हा वर. मी आल्याचा तुकडा चघळत होते, तरी पोटात कालवाकालव व्हायची ती झालीच. एका खलाशानं सांगितलं, “खाली बघू नका ताई. लांब बघा.” हा उपाय लक्षात ठेवा. नजर क्षितिजावर ठेवली, की डोळ्यांचं आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचं भांडण जरा कमी होतं.

साडेसहाच्या सुमाराला उजाडलं. आपण किनाऱ्यावरून सूर्य समुद्रात बुडताना बघतो ना? इथं उलट. मागं वळून बघावं तर सूर्य जमिनीतून वर येत होता, सह्याद्रीच्या निळ्या रेघेवरून. फोटो काढणाऱ्याला हे फार सोयीचं. सूर्य पाठीशी, आणि समोरचा पश्चिमेकडचा समुद्र लख्ख उजेडात.

सातच्या सुमाराला आम्ही किनाऱ्यापासून पस्तीसेक किलोमीटर आत होतो. तांडेलकाकांनी सांगितलं, पाणी पंचवीस वाव. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण सहा फूट. म्हणजे आमच्या पायांखाली चौदा-पंधरा मजली इमारत बुडेल एवढं पाणी होतं!

पहिला पक्षी दिसला, पण आमचा नव्हे. गडद पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, कपाळावरून डोळ्यामागं गेलेली पांढरी रेघ. हा सुरय जातीचा पक्षी, ब्रायडल्ड टर्न. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात जे खडक आहेत ना, वेंगुर्ला रॉक्स, तिथं हे पावसाळ्याच्या सुमाराला वीण घालतात. एक टर्न तरंगणाऱ्या ओंडक्यावर ऐटीत बसून चालला होता. फुकट प्रवास!

मग दूर पाण्यावर वीस-पंचवीस छोटे ठिपके दिसले. माझं काळीज धडधडलं. “तीच ती!” मी ओरडले. कॅमेरा उचलला, आणि लेन्समधून बघते तर काय, ठिपके पाण्यावर बसून भिंगरीसारखे गरगर फिरत होते. म्हणजे हे फॅलारोप. गोल फिरून पाण्यात भोवरा करायचा आणि वर आलेले बारीक जीव टिपायचे, ही त्यांची युक्ती. पण त्यांचं घर कुठं, माहीत आहे? उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात! ते हिवाळा काढायला अरबी समुद्रात येतात. म्हणजे बघा, एक पाहुणा पृथ्वीच्या वरच्या टोकाकडून आणि एक खालच्या टोकाकडून, आणि दोघांचं पान एकाच समुद्रात वाढलेलं.

मी घाईनं “तीच ती” म्हणाले होते. जुलैमध्ये घाईनं “पाकोळी ती” म्हणाले होते. खिशातला कागद जरा टोचला.

आठ वाजता इंजिन बंद केलं. खलाशांनी बादलीतला पेडव्यांचा कुटा आणि माशाचं तेल थोडं थोडं पाण्यावर सोडलं. पेडवे म्हणजे छोटे तेलकट मासे. पाण्यावर तेलाचा चकचकीत पट्टा पसरत गेला आणि वास तर असा, की माझ्या पोटानं पुन्हा बंड पुकारलं! पण हा वासच कामाचा. बहुतेक पक्षी डोळ्यांवर विसंबून अन्न शोधतात. वादळपाखरं मात्र नाकावरही विसंबतात. एवढ्या अफाट पाण्यात खाणं कुठं आहे, ते त्यांना वासावरून लांबूनच कळतं.

नऊ वाजले. दहा वाजले. तेलाचा पट्टा लांब गेला, पुन्हा कुटा टाकला. डोळे दुखायला लागले. लाटेची प्रत्येक सावली पाखरू वाटायची. पश्चिमेला ढगांची एक फळी उभी राहिली होती आणि तांडेलकाका तिच्याकडे वरचेवर बघत होते. सव्वादहाला ते म्हणाले, “आता अर्धो तास. बस्स.”

मी काही बोलले नाही. काय बोलणार? अट मान्य केलेली होती.

आणि दहा-वीसच्या सुमाराला धाकटा खलाशी हळूच म्हणाला, “ताई, ता बघा.”

तेलाच्या पट्ट्यावरून, वाऱ्याच्या तोंडाला, एक काळं पाखरू येत होतं. बुलबुलापेक्षाही जरा लहान. कमरेवर पांढराशुभ्र पट्टा. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरलेले, आणि लांब काड्यांसारखे पाय खाली सोडलेले. टप्, टप्, टप्! चक्क पाण्यावर चालत होतं ते. एक लाट आली, तिच्या चढावर चढलं, माथ्यावरून पलीकडे उतरलं. मान वाकवून पाण्यातलं काहीतरी टिपलं आणि पुन्हा चालायला लागलं.

जमिनीवर ज्याला धड उभं राहता येत नाही, ते लाटेवर कसं चालतं? त्याचं उत्तर पतंगात आहे. पतंगाची दोरी हातात असते म्हणून वारा त्याला वर धरतो. दोरी तुटली की वारा त्याला घेऊन जातो. हे पाखरू वाऱ्याकडे तोंड करतं, वारा पंखांना वर उचलतो आणि मागंही ढकलतो. पण पाय पाण्यात असतात. पाण्याला त्या पडद्यांचा अडसर होतो आणि पाखरू वाहून जात नाही. पाय म्हणजे त्याची दोरी, किंवा होडीचा नांगर म्हणा हवं तर.

मी बटण दाबत सुटले. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात फोटो टिपेल असा कॅमेरा लावला होता. पण होडी वर जाई तेव्हा पाखरू खाली, आणि पाखरू वर तेव्हा होडी खाली! एक खलाशी माझ्या जॅकेटचा पट्टा मागून घट्ट धरून उभा होता. पाखरं आता चार झाली होती. फोटो निघत होते, पण पाय? पाय पाण्यात! दिसणार कसे?

“इंजिन चालू करूया,” धाकटा खलाशी म्हणाला. “होडी अंगार घातली की उडात. मगे पाय दिसतले.”

खरं सांगू? एक क्षण माझ्या मनातही तेच आलं. थोडीच मिनिटं उरली होती. भाचीला शब्द दिला होता. पण मी तोंड उघडायच्या आत तांडेलकाका म्हणाले, “ता जेवता हा. जेवताना कोणाच्या अंगार जातत काय?”

मी गप्प बसले. हजारो किलोमीटर उडून आलेलं ते पाखरू इथं पोट भरत होतं. लवकरच त्याला तेवढंच अंतर परत जायचं होतं.

साडेदहा झाले. आणखी पाचेक मिनिटं गेली. तेवढ्यात एक मोठी लाट फुटली. फेसापासून अंग वाचवायला एका पाखरानं पटकन पाय वर ओढले आणि ते आमच्या होडीवरून तिरपं निघून गेलं. मी जमेल तसं बटण दाबलं. मग तांडेलकाकांनी इंजिन सुरू केलं. पाऊणेअकरा. ढगांची फळी बरीच वर आली होती.

परतीच्या वाटेवर कोपऱ्यात बसून मी फोटो बघितले. एकूण तीनशे बारा. त्यांत नुसत्या आभाळाचे शंभरावर. नुसत्या पाण्याचे तेवढेच. अर्ध्या पाखराचे, शेपटीचे, एक तर चक्क खलाशाच्या कोपराचा! शेवटून चौथ्या फोटोवर मी थांबले. पाखरू किंचित धूसर होतं. छायाचित्रांच्या प्रदर्शनात कोणी त्याला दारातही उभं केलं नसतं. पण पाय शेपटीच्या बाहेर आलेले होते, आणि एका पायाची बोटं पसरलेली. बोटांच्या मध्ये, काळ्यावर, पिवळ्या रंगाचा एक ठिपका. हळदीचं बोट लावल्यासारखा.

मी खिशातला कागद काढला. तो ओला झाला होता, पण अक्षर वाचता येत होतं. पांढरा पट्टा: आहे. शेपटी सरळ: आहे. पाय शेपटीबाहेर: आहेत. पडदे पिवळे: आहेत. चोचीची नळी मात्र फोटोत नीट दिसत नव्हती. तिथं मी प्रश्नचिन्ह केलं. न बघता हो म्हणायचं नव्हतं ना!

दोनच्या सुमाराला बंदराला लागलो. भाची धक्क्यावर उभीच होती. मी काही न बोलता कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं तो फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ बघितला. मग हसली. मला वाटलं, आता म्हणेल, “बघ, मी सांगत होते!” पण ती काय म्हणाली माहीत आहे?

“मावशी, पण या फोटोवरून माझा पक्षी हाच होता, हे सिद्ध होत नाही ना? हे पाखरू वेगळं.”

अगदी खरं होतं ते. माझा फोटो फक्त एवढंच सांगत होता, की असं पाखरू आपल्या समुद्रात आहे आणि त्याचे पडदे पिवळे आहेत. जुलैमधल्या पाखराचा पुरावा एकच होता, तिच्या वहीचं पान. त्या पानावर तिनं जे पाहिलं तेवढंच लिहिलं होतं, आणि वजन केलं नव्हतं तर ‘केलं नाही’ असं लिहिलं होतं. पक्ष्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नाव लिहिलंच नव्हतं. त्यामुळेच ते पान भरवशाचं होतं. मी मात्र नाव आधी सांगितलं आणि बघायचं राहूनच गेलं.

त्या रात्री आम्ही दोन नोंदी केल्या. पहिली सप्टेंबरची, चार पाखरं, फोटोसहित. दुसरी जुलैची, एक पाखरू, फोटो नाही, पाहणाऱ्याचं वर्णन सोबत जोडलेलं. दुसऱ्या नोंदीत पाहणाऱ्याच्या जागी माझं नाव नाही, तिचं आहे. आणि खाली मी एक ओळ लिहिली: “हे वर्णन फोनवर ऐकून मी चुकून पाकोळी ठरवलं होतं.” ती म्हणाली, “हे कशाला?” मी म्हटलं, “चूकसुद्धा पाहिल्यासारखी लिहायची.”

आता तुमच्यासाठी थोडं. तुम्ही समुद्राकाठी राहत असाल किंवा पावसाळ्यात तिकडे गेलात, आणि वादळानंतर वाळूवर एखादा दमलेला पक्षी दिसला, तर काय कराल? त्याला पाण्यात परत फेकू नका. चोच उघडून पाणी ओतू नका, खाऊ भरवू नका. मोठ्या माणसाला बोलवा. हाताला कापड गुंडाळून पक्ष्याला हळूच एका खोक्यात ठेवा. खोक्याला हवेसाठी भोकं हवीत. खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, आणि वनविभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना लवकर कळवा. सारखं उघडून बघू नका, त्यानं तो आणखी घाबरतो. आणि हो, समुद्रावर गेलात तर खाऊचे प्लॅस्टिकचे कागद तिथं टाकू नका. लाटांवर तरंगणारे प्लॅस्टिकचे बारीक तुकडे ही पाखरं खाणं समजून गिळतात.

समुद्र लांब असेल तर? बिघडलं नाही. एक वही करा. शाळेच्या वाटेवरचा, गॅलरीतला, विजेच्या तारेवरचा कुठलाही पक्षी घ्या. त्याचं नाव आधी विचारू नका. चोच कशी, पाय कसे, शेपटीचं टोक कसं, ते आधी लिहा. जे दिसलं नाही तिथं ‘दिसलं नाही’ असं लिहा. नाव काय, नंतरही सापडतं.

आणि आईबाबांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एक विनंती. मुलानं “पायाला पडदे होते” असं सांगितलं, तर “काहीतरी चिकटलं असेल” म्हणण्याआधी “कसे होते?” एवढं विचारा.

तो धूसर फोटो आता भाचीच्या वहीत त्या पानासमोर चिकटवलेला आहे. त्याच्या खाली तिनं तारीख आणि वेळ लिहिली आहे, आणि पुढच्या ओळीत लिहिलंय: “वजन अजून बाकी.” काटा मिळाला, तरी पुढचं पाखरू तिला जिवंत आणि उडतंच दिसू दे, म्हणजे वजन करायची वेळच यायची नाही!